पित्ताच्या गोळीपुढे तारीख लिहा

महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,



मी तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान चालवणारी फार्मासिस्ट आहे. रोगाचं निदान करणं हा तुमचा अधिकार आहे आणि त्यात मी बोट घालणार नाही. पण तुमची चिठ्ठी वाचणं हे माझं काम आहे, आणि ते करताना एक ओळ मला जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी दिसते. 'पॅन्टोप्राझोल ४०, १-०-०.' कधी त्याऐवजी राबेप्राझोल असतं, कधी इसोमेप्राझोल. सगळी पित्ताची, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी औषधं. सर्दी-तापाची चिठ्ठी असो, दाढदुखीची असो, नायट्याची असो की गुडघेदुखीची, ही ओळ असतेच. बाकीच्या औषधांपुढे तीन दिवस, पाच दिवस असं काहीतरी लिहिलेलं असतं. या ओळीपुढे बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. हे पत्र त्या मोकळ्या सोडलेल्या जागेबद्दल आहे.

आधीच सांगते, हे पत्र या औषधाच्या विरोधात नाही. पोटाच्या विकारांवरची जी काही औषधं माणसाला सापडली, त्यांतलं हे फार मोठं औषध आहे. आज सत्तरीत असलेल्या माणसांना आठवत असेल, अल्सर म्हटलं की पोट उघडायचं ऑपरेशन, जठराचा भाग काढून टाकणं, आम्ल कमी व्हावं म्हणून नस कापणं. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन बाजारात आलं आणि पहिल्यांदाच नुसत्या गोळीनं अल्सर भरून यायला लागला. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. योगायोग असा की त्याच साली स्वीडनमध्ये तयार झालेलं, याच घराण्यातलं ओमेप्राझोल विक्रीला आलं, आणि त्याची ताकद आधीच्या औषधांहून कितीतरी जास्त निघाली. अन्ननलिकेला आम्लानं पडलेल्या जखमा आठ आठवड्यांत दहांपैकी आठ-नऊ जणांच्या भरून येतात. हाँगकाँगमध्ये रक्तस्राव होणाऱ्या अल्सरच्या २४० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा रक्तस्राव दुर्बिणीतून थांबवला होता. त्यानंतर निम्म्या लोकांना शिरेतून ओमेप्राझोल दिलं, निम्म्यांना नुसतं बिनऔषधी द्रावण. महिनाभरात पुन्हा रक्तस्राव झाला तो औषध मिळालेल्यांपैकी ६.७ टक्के लोकांना आणि न मिळालेल्यांपैकी २२.५ टक्के लोकांना. इतका ढळढळीत फरक दाखवणारी औषधं फार थोडी असतात.

म्हणूनच ते कुठंही, कशासाठीही आणि कितीही दिवस लिहिलेलं पाहिलं की मला राहवत नाही.

ही गोळी काम कशी करते ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्याखेरीज हे पत्र रुग्णही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. ही गोळी पोटात पडल्या पडल्या आम्ल मारत नाही. उलट आम्लानं ती स्वतःच खराब होते, म्हणून तिच्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ती आतड्यात उतरते, रक्तात जाते आणि रक्तावाटे जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. तिथले आम्ल सोडणारे पंप चालू असतील तेव्हाच ती त्यांना बंद पाडते. पंप चालू होतात ते खाण्यानं. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आणि सगळे पंप एका दिवसात बंद होत नाहीत, पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. मिसळ खाऊन छातीत जळजळ सुटल्यावर धावत येऊन गोळी मागणाऱ्याला तिचा तेवढ्यापुरता उपयोग जवळपास शून्य असतो. त्याला चमचाभर साधं अँटासिड पुरतं. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'रिकाम्या पोटी' एवढंच सांगितलेलं असतं. मग कुणी ती पहाटे पाचला घेतो आणि जेवतो थेट दुपारी एकला. एक शिक्षिका मला सांगत होत्या की दोन वर्षं त्या गोळी रात्री झोपताना घेत होत्या आणि 'मला काही लागू पडत नाही' म्हणून तिची ताकद वाढवत नेत होत्या. वेळ बदलल्यावर त्यांना कमी ताकदीची गोळीही पुरली.

आता ही गोळी कुणाला हवीच. अन्ननलिकेला जखमा आहेत त्याला हवी. अल्सर आहे किंवा पूर्वी अल्सरमधून रक्त गेलंय आणि तरीही वेदनाशामक घ्यावं लागतंय, त्याला हवी. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेल्या वयस्क माणसाला हवी. रक्त पातळ करणारं औषध आणि सांध्यांच्या दुखण्याच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्या आजीला तर हवीच हवी, आणि तिची गोळी 'फार दिवस झाले' म्हणून कुणी बंद करत असेल तर मी त्याच्याशी भांडेन. उलट बाजूनं पाहा. पंचविशीतला धडधाकट मुलगा, तापासाठी तीन दिवस पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलनं जठराला इजा होत नाही. मग त्याला पित्ताची गोळी कशासाठी? पाच दिवसांच्या साध्या अँटिबायोटिकसोबत कशासाठी? त्याला 'कव्हर' म्हणायची पद्धत पडली आहे. कव्हर कुणापासून, ते कुणी विचारत नाही.

हे माझं एकटीचं निरीक्षण असतं तर मी गप्प बसले असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संशोधकांनी देशातल्या १३ मोठ्या रुग्णालयांतल्या ४,८३८ चिठ्ठ्या तपासल्या आणि त्याचे निष्कर्ष २०२४ साली छापले. जवळजवळ ४५ टक्के चिठ्ठ्या उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांपासून कुठं ना कुठं ढळलेल्या निघाल्या. त्यांपैकी ४७५ चिठ्ठ्यांतली चूक त्यांनी सरळसरळ अस्वीकारार्ह ठरवली. आणि या अस्वीकारार्ह चिठ्ठ्यांत वारंवार सापडलेल्या औषधांत आघाडीवर होतं पॅन्टोप्राझोल, त्याच्याबरोबर राबेप्राझोल आणि डोमपेरिडोनची जोडगोळी. ही मोठी शिकवणारी रुग्णालयं होती. आमच्या तालुक्याच्या पेठेत काय चित्र असेल, ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, चार गोळ्या जास्त खाल्ल्या तर बिघडलं काय? चार खाल्ल्या तर फारसं काही बिघडत नाही. पण चारावर थांबतं कोण? तारीख लिहिलेली नसली की गोळी थांबत नाही, आणि ती न थांबण्याचं एक कारण गोळीतच आहे. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाला. पोटाची कसलीही तक्रार नसलेली ही माणसं. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं आणि मग त्यांना न कळवता चार आठवडे खोटी गोळी दिली. उरलेल्यांना पूर्ण बारा आठवडे खोटीच गोळी. खरी गोळी बंद झाल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वर येणं, अपचन असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता, त्यांना तो गोळी सोडल्यामुळे झाला. आम्ल दाबून ठेवलं की शरीर ते तयार करण्याची तयारी वाढवत राहतं, आणि गोळी सुटली की ते उसळून येतं. काही आठवड्यांत ते आपोआप बसतं. पण हे ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात येतो आणि म्हणतो, "ताई, ही गोळी सोडली की मला राहवतच नाही, माझं पित्त फार जहाल आहे." त्याची समजूत पक्की झालेली असते. त्याला पुढची स्ट्रिप मिळते, मग त्याच्या पुढची.

परवाच एक काका गोळ्यांची कॅरीबॅग घेऊन आले. वय सत्तरीच्या आसपास, उसाचे शेतकरी. कुठली गोळी कशाची ते लिहून द्या म्हणाले. मी सगळ्या स्ट्रिपा काउंटरवर मांडल्या. बीपीची, साखरेची, प्रोस्टेटची. आणि पित्ताच्या तीन. एक पॅन्टोप्राझोल, डेंग्यूत ॲडमिट होते तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावरची. दुसरी राबेप्राझोल, खांदा दुखला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली. खांद्याची गोळी केव्हाच संपली होती, तिचं कव्हर मात्र चालू होतं. तिसरी मुलानं शहरातून आणलेली, पोट गच्च वाटतं म्हणून. तीन कंपन्या, तीन रंग, काम एकच. काकांना वाटत होतं एक पित्ताची, एक हाडांची आणि एक गॅसची. डेंग्यू होऊन दोन पावसाळे उलटले होते. कुठल्याही एका डॉक्टरांनी चुकीचं काही लिहिलं होतं असं मी म्हणणार नाही. पण कुणीही 'इतके दिवस' लिहिलं नव्हतं.

त्या तिसऱ्या स्ट्रिपेत डोमपेरिडोनही होतं. याबद्दल मला स्वतंत्रपणे बोलायचं आहे. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि सावकाश सुटणारं डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम, ही कॅप्सूल आपल्याकडे पोट फुगलं, ढेकर येतात, गॅस झाला, अशा कुठल्याही कारणासाठी महिनोन्‌महिने चालू असते. डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध आहे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली त्यावर निर्बंध घातले: फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि सहसा एका आठवड्याच्या आत. साठीच्या पुढच्या लोकांना धोका जास्त. आणि आमच्या गिऱ्हाइकांत हीच कॅप्सूल सगळ्यात जास्त घेणारे लोक साठीच्या पुढचे आहेत. साधं पॅन्टोप्राझोल पुरेसं असताना जोडगोळी का लिहिली जाते, याचं एकही पटणारं कारण मला आजवर मिळालेलं नाही.

मग एका औषधाचं दुसऱ्याशी न पटणं. नायट्याचंच घ्या. गेल्या दहा वर्षांत हट्टी नायट्यानं किती घरं गांजली आहेत ते तुम्ही रोज पाहता. इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूलला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. आणि चिठ्ठीत तिच्याच खालच्या ओळीवर आम्ल बंद करणारी गोळी! महागाची बुरशीची कॅप्सूल महिना महिना खाऊन चट्टे जसेच्या तसे, मग मात्रा दुप्पट, मग डॉक्टर बदल. तसंच लोहाचं. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाची गोळी सुरू होते, ती घेतली की मळमळतं म्हणून पित्ताची सुरू होते, आणि आम्ल कमी झालं की अन्नातलं आणि गोळीतलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन हलत नाही म्हणून त्या बाईला बोलणी खावी लागतात, गोळ्या वेळेवर घेत नाहीस म्हणून. थायरॉईडच्या गोळीचंही असंच. क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल टाळा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ सालीच दिलेला आहे. तिथं पॅन्टोप्राझोल बरं. आणि बी-१२. शाकाहारी घरात ते आधीच काठावर असतं, त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन, त्यात वर्षानुवर्षं पित्ताची गोळी. कॅलिफोर्नियात झालेल्या एका मोठ्या पाहणीत दोन वर्षं किंवा जास्त काळ ही गोळी घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता अधिक आढळली होती. आपल्याकडे पाय बधिर पडले, मुंग्या येतात म्हणून बी-१२ चं इंजेक्शन घ्यायला येणाऱ्यांच्या पिशवीत मी मुद्दाम डोकावते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ही गोळी काय झाकते याची. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास दाखवून दिलं की बहुतेक अल्सर हे जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. याचा व्यवहारातला अर्थ फार साधा आहे. नुसती आम्लाची गोळी देऊन भरलेला अल्सर ती थांबवल्यावर वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांत परत येतो. तोच जंतू अँटिबायोटिक्सनी मारला तर क्वचितच परततो. म्हणजे चौदा दिवसांच्या उपचारानं कायमचा सुटू शकणारा माणूस आयुष्यभर पित्ताच्या गोळीवर राहतो, कारण त्या जंतूची तपासणीच कुणी सांगितलेली नसते. आणि सांगितली तरी गोळी दोन आठवडे बंद न ठेवता श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली, तर जंतू असूनही 'नाही' असा रिपोर्ट येऊ शकतो. अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं. आपल्याकडे हा जंतू काही दुर्मीळ नाही. त्याच्यावरची जुनी अँटिबायोटिक्सही आता अनेकांत चालेनाशी झाली आहेत, कारण ती आपण जुलाबापासून दातापर्यंत कशालाही खाल्ली आहेत.

जठराच्या कर्करोगाचा अल्सरही या गोळीनं तात्पुरता सुधारल्यासारखा दिसू शकतो. वजन उतरणं, गिळताना अडकणं, शौचाला काळं होणं, रक्त कमी होणं, उतारवयात नव्यानं सुरू झालेलं अपचन, यांपैकी काहीही असेल तर महिन्यांची गोळी लिहिण्याआधी दुर्बिणीची तपासणी हवी. काउंटरवर मला हे ऐकू येतं, कारण लोक तुमच्यासमोर सांगायला विसरतात ते माझ्याशी बोलून जातात. तीच गोष्ट 'गॅस'ची. छातीत भरून आलेल्या मधुमेही माणसाला गॅस समजून गोळी खाऊन मी झोपू देणार नाही, कारण ते हृदयाचं दुखणं असू शकतं; पण घरात स्ट्रिप पडलेलीच असते.

भीती घालण्याचा माझा हेतू नाही. मोबाइलवर फिरणारे मेसेज म्हणतात की या गोळीनं किडन्या जातात, विसरभोळेपणा येतो, हाडं मोडतात. ते वाचून ज्यांना गोळीची खरोखर गरज आहे ते ती सोडतात, आणि रक्ताची उलटी होऊन दवाखान्यात येतात. किडनीला अचानक होणारी सूज, मॅग्नेशियम उतरणं हे दुष्परिणाम खरे आहेत, पण कमी. हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली छापलेल्या चाचणीत पॅन्टोप्राझोल आणि खोटी गोळी यांची सरासरी तीन वर्षं तुलना झाली. ठळक फरक सापडला तो एकाच गोष्टीत, आतड्याच्या संसर्गात: १.४ विरुद्ध १ टक्का. बाकीचे बरेचसे आरोप सिद्ध झाले नाहीत. हा दिलासा मी मनापासून मानते. मात्र आतड्याचा संसर्ग ही त्या चाचणीतल्या लोकांत दुर्मीळ गोष्ट असेल. पावसाळ्यात आमच्या गावाला ती नवी नाही. जठरातलं आम्ल हा पाण्यातल्या जंतूंसमोरचा पहिला पहारेकरी आहे.

तुमच्या अडचणी मला कळतात. सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर माणसं. गोळी लिहिली नाही तर "डॉक्टरांनी पित्ताचं काही दिलंच नाही" म्हणून रुग्ण नाराज. दर पंधरवड्याला औषध कंपनीचा प्रतिनिधी नवी जोडगोळी घेऊन दारात. आणि चिठ्ठीशिवाय ही गोळी दुकानांतून सर्रास विकली जाते, हेही मी नाकारत नाही. आणि तेही पाकिटावर 'नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच' असं छापलेलं असताना. ही विक्री थांबवणं आम्हा औषधविक्रेत्यांचं काम आहे आणि माझ्या दुकानात ती थांबलेली आहे. पण चिठ्ठीवरच जर तारीख नसेल, तर मी कुणाला कशाच्या आधारावर 'आता पुरे' म्हणू?

माझं मागणं एवढंच आहे. ही गोळी लिहाल तेव्हा पुढे मुदत लिहा: पाच दिवस, चौदा दिवस, आठ आठवडे, काय असेल ते. कायमची हवी असेल तर 'कायम' लिहा आणि शेजारी कारण लिहा. 'पूर्वी अल्सर' एवढे दोन शब्द पुरतात, म्हणजे दुसरा डॉक्टर किंवा मी ती चुकून थांबवणार नाही. 'नाश्त्याआधी अर्धा तास' हे मराठीत लिहा. दीर्घकाळ घेणाऱ्याची सोडवताना त्याला आधीच सांगा की दोन-चार आठवडे जळजळ उसळेल, तेवढ्यापुरतं अँटासिड घ्या, ती बसते. मात्रा निम्मी करून, मग एक दिवसाआड करून सोडवली तरी चालतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली हेच सांगितलं आहे की या गोळीवर असलेल्या प्रत्येकाची गरज ठरावीक काळानं तपासावी आणि गरज नसेल तर ती बंद करण्याचा विचार करावा. त्यासाठी ना नवं यंत्र लागतं, ना सरकारी योजना.

वाचकांनाही विनंती आहे. तुमच्या घरातली पित्ताची स्ट्रिप पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि विचारा, ही कशासाठी आणि कधीपर्यंत. उत्तर मिळेपर्यंत स्वतःच्या मनानं बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर.

डॉक्टर, तुम्ही तारीख लिहा. ती पाळली जाते की नाही हे मी काउंटरवर पाहते.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक फार्मासिस्ट